दाजींचा रुसवा

रुसण्यात आमच्या दाजींचा हात धरेल असा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. आता रुसणारी माणसं तुमच्याही घरात असतील. पण ती रागाच्या भरात रुसतात, दोन दिवस धुमसतात, आणि मग रुसवा कधी गेला ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. दाजींचं तसं नाही. ते ठरवून रुसतात, वर्षातून एकदाच रुसतात, आणि तेही पानं मांडून झाल्यावर, रश्शाचा वास सगळ्यांच्या नाकात शिरला की मग. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, आक्कांचे मालक. गाव शिरोळकडचं, घरात ऊस आणि म्हशी. माझे मालक त्यांना दाजी म्हणतात म्हणून मी म्हणते, मी म्हणते म्हणून पोरं म्हणतात, आणि आता नातवंडंसुद्धा त्यांना दाजीच म्हणतात. त्यांचं खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत होतं तेवढंच.

दरवर्षी थंडी सरत आली की एका रविवारी आमच्या कसबा बावड्याच्या मळ्यात सगळा गोतावळा जमतो. पुण्याची पोरं येतात, कळंब्याची जाऊ येते, कुणी कुणी तर रेल्वेनं दोन रात्री काढून येतात. चुली पेटतात, भाकरी थापल्या जातात, आणि पहिली पंगत बसली की दाजी खांद्यावर टॉवेल टाकून उठतात. सरळ विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतात. पाठ आमच्याकडं, तोंड साखर कारखान्याच्या धुराड्याकडं. जावई उपाशी म्हटल्यावर पंगतीतल्या कुणाला घास उचलता येत नाही. कारण काय, ते दरवर्षी वेगळं. कधी आहेराची टोपी डोक्याला घट्ट झाली, कधी म्हशींची चौकशी कुणी केली नाही, कधी त्यांच्या आधी लहान जावयाला पाणी दिलं. एका वर्षी माझ्या जावेनं ठरवलं, यंदा बघतेच कसे रुसतात ते. भारीतला फेटा आणला, पाटाभोवती रांगोळी काढली, म्हशींची एकेकीचं नाव घेऊन विचारपूस केली. दाजी पाटावर बसले, चारी बाजूला नजर फिरवली आणि उठून विहिरीकडं चालू लागले. जाऊ रडकुंडीला आली. म्हणाली, "आता काय चुकलं ओ दाजी?"

"रुसायला कायच ठिवलं न्हाईसा," दाजी म्हणाले. "जावई हाय का कोण हाय मी?"

रुसवा काढायची रीतही त्यांचीच. सोन्याची अंगठी नको, घड्याळ नको. आमच्या घराण्यातली एक गोष्ट सांगायची, त्यांनी आजवर न ऐकलेली. ऐकलेली निघाली की ते मान न वळवता म्हणायचे, "झालीया ही. फुडची." मनानं रचून सांगायची सोय नव्हती. माझ्या ह्याच जावेनं एकदा मामंजी घर सोडून मुंबईला पळाले होते अशी थाप ठोकली. दाजींनी एवढंच विचारलं, "पायात काय हुतं?" जाऊ म्हणाली चपला. "कुणाच्या?" जाऊ इकडंतिकडं बघायला लागली. "जावा, भाकरी भाजा," दाजी म्हणाले.

त्यामुळं झालं काय, आमचं सगळं घराणं वर्षभर गोष्टींच्या मागं लागलं. जेवण वेळेवर मिळावं म्हणून पोरं म्हाताऱ्या आत्यांच्या उशाशी जाऊन बसायला लागली. माझा मुलगा पुण्याहून फोन करायचा, "आई, यंदा माझी पाळी आहे, एखादी गोष्ट शिल्लक आहे का बघ की." अशानंच आम्हाला कळलं, की माझ्या आजेसासूबाईंनी सकाळी बाजारात विकलेली म्हैस संध्याकाळी त्याच माणसाच्या हातापाया पडून परत आणली होती, का तर जाताना ती वळून वळून बघत होती. अशानंच कळलं, की चुलत सासरे आयुष्यात एकच कुस्ती खेळले, समोरच्यानं कमरेला हात घातल्यावर त्यांना गुदगुल्या झाल्या आणि हसता हसताच ते चीत झाले. लोक आपला इतिहास अभिमानानं जपतात म्हणे. आमचा भुकेनं जपला. मध्ये पोरांनी व्हॉट्सॲपवर घराण्याचा ग्रुप काढला, तर दाजी तिथूनही रुसून बाहेर पडायला लागले. गोष्ट टाकली की परत आत.

ह्या सगळ्याची सुरुवात झाली त्यांच्या पहिल्या दिवाळसणाला. मळ्यातल्या घराच्या सोप्यात एक जुना फोटो आहे, कोट-फेटा घातलेल्या मिशाळ माणसाचा. नव्या जावयानं विचारलं, "हे कोण?" मामंजी तोवर वारले होते आणि माझे मालक तेव्हा पोरगेले होते. ते म्हणाले, "असंल कोणतरी." झालं. आपण ज्या घरचे जावई झालो त्या घराला आपला आजा-पणजा ठाऊक नाही, म्हणून दाजी विहिरीवर जाऊन बसले ते बसलेच. शेवटी गल्लीतल्या एका म्हातारीला हाताला धरून आणलं. तिनं सांगितलं, हे तुझ्या सासऱ्याचे आजे. कोट फोटोवाल्याचा, फेटा शेजाऱ्याचा, मिशा तेवढ्या स्वतःच्या. ते ऐकता ऐकता शेवटची एसटी गेली आणि दाजींना त्या रात्री सासुरवाडीत राहावं लागलं. तेवढंच. पुढं कधी राहिले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं आक्कांना घेऊन परत. म्हशींची धार चुकायची नाही.

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या.

थंडी सरत आली तशी आम्हाला सगळ्यांना एकच घोर लागला. लेकच राहिली नाही, तर जावई ह्या घराला आपलं म्हणेल का? माझ्या मालकांना फोन करायचं धाडस होईना. मीच केला. पलीकडून दाजी म्हणाले, "बघू, वैनी." आणि त्या रविवारी ते आले, एकटेच, हातात पिशवी. बघून जीव भांड्यात पडला म्हणेस्तोवर त्यांनी अंगणातच चप्पल काढली, परक्याच्या दारात काढावी तशी, आणि पंगतीच्या अगदी कडेला जाऊन बसले.

"वाढा," म्हणाले.

आमचे हात होते तिथंच राहिले. दाजी रुसले नाहीत. मला सांगा, पाहुणा कधी रुसतो का? जो घरचा तोच रुसतो. मग आमच्या लोकांनी काय काय केलं नाही. ह्यांनी आहेराला म्हणून वापरातला, विटलेला टॉवेल दिला. दाजींनी घडी घालून पिशवीत ठेवला. म्हणाले, "मऊ हाय." जावेनं मुद्दाम करपलेली भाकरी वाढली. दाजींनी चावून चावून खाल्ली. मुलगा म्हणाला, "दाजी, जरा सरका की तिकडं." बसल्या पानावरून जावयाला सरकवायचं, ह्याच्याहून मोठा अपमान आमच्याकडं नाही. दाजी ताट उचलून सरकले. माझ्या जावेनं पदर तोंडाला लावला आणि चुलीकडं पळाली.

तेवढ्यात यंदाच घरात आलेली माझी धाकटी सून, तिला बिचारीला कशाचाच पत्ता नाही, सोप्यात नजर टाकून म्हणाली, "तो फोटो कोणाचा आहे हो?"

माझे मालक रस्सा वाढत होते. वर न बघताच म्हणाले, "असंल कोणतरी."

मुद्दाम म्हणाले की सवयीनं, मी अजून विचारलेलं नाही. दाजींचा घास अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो ताटात ठेवला. हात धुतला, पिशवीतला विटका टॉवेल काढून खांद्यावर टाकला, आणि चालू लागले विहिरीकडं. पाठ आमच्याकडं, तोंड धुराड्याकडं. जाऊ चुलीपाशी रडत होती ती हसायला लागली. "रुसलं गं बाई, रुसलं," म्हणाली, आणि सगळ्या पंगतीनं असा श्वास सोडला की कुत्रं उठून बसलं.

आता गोष्ट सांगायला मी गेले. कठड्यापाशी उभी राहिले. म्हटलं, "दाजी, आक्कांची गोष्ट आहे."

"तिची मी न ऐकलेली गोष्ट असंल व्हय, वैनी?"

"आहे. शेंगा फोडताना मला सांगितलेली. तुमच्या दिवाळसणाची. तो फोटो कुणाचा ते आक्कांना ठाऊक होतं."

दाजींनी पहिल्यांदाच मान वळवली.

"तुम्ही विचारलंत तेव्हा त्या दाराआड उभ्या होत्या. मला म्हणाल्या, 'मला सांगता येत हुतं की गं. पर म्हटलं, रुसू दे. जावई रुसला की त्याला काढायला येळ जातो, गाडी चुकती. मला म्हायारात एक रात ज्यादा गावंल. म्हणून मी गपच बसलो.' आणि वर बजावलं, 'मी हाय तवर सांगू नगंस हां, न्हायतर हे जलमभर रुसत्याल.'"

दाजींनी तोंड परत धुराड्याकडं फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पुढं होऊन बघितलं तर हसत होते, आणि टॉवेलनं डोळे पुसत होते.

"फशिवलं की हो मला," म्हणाले. "आन् आमी रुसतोय आपलं वर्सावर्साला." मग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, "नवी हाय ही. चला. करपल्याली भाकरी कुणी वाढलीती, तिला म्हणावं ताजी टाक."

दोन भाकरी खाल्ल्या. टोपी मागून घेतली. सुनेला फोटोपुढं उभं करून ह्यांच्या पणजोबांच्या कोटाची गोष्ट सांगितली, तिच्यात मिशांचं माप थोडं वाढलेलं होतं.

ऊन कललं तशी मुलानं गाडी काढली, दाजींना स्टँडवर सोडायला. दाजी काही दिसेनात. बघते तर सोप्यात बसलेले. विटका टॉवेल फोटोशेजारच्या खुंटीला अडकवलेला.

"दाजी, गाडीची वेळ झाली," मुलगा म्हणाला. "धारेचं काय?"

"काढत्याल शेजारची," दाजी म्हणाले. "चुकली म्हण गाडी."

मी आत गेले आणि संध्याकाळच्या भाताला तांदूळ घेतले, एक मूठ जास्तीचे.