पायाखालचा ढग

गाडीत मी मागे बसते आणि पुढच्या सीटवरच्या बाबांना मेसेज करते. एसी कमी करायला सांगा, पुढच्या पंपावर थांबायला सांगा, असं काहीतरी. ड्रायव्हर अनोळखी असला की माझा आवाज निघत नाही. बाबा फोन बघतात आणि माझं वाक्य स्वतःचं असल्यासारखं बोलून टाकतात. आमच्या घरी याबद्दल कोणी काही म्हणत नाही.

आत्याच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. महाबळेश्वरला जाताना वाई यायच्या आधीच ती म्हणाली, "काय वं पोरी, बाप हाताच्या अंतरावर बसला हाय अन् तू त्याले तार करतं?"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. अकोल्याजवळच्या एका गावात राहते. आजी लवकर गेली, तेव्हा स्वतःची शाळा सोडून तिनेच बाबांना वाढवलं. गेल्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदाच आमच्याकडे, धायरीला आली. पुणं दाखवू का विचारलं तर नको म्हणाली. तिला फक्त ढग बघायचे होते. तेही वरून.

त्याचं असं झालं होतं. पुण्यात नोकरी लागल्यावर बाबा ऑफिसच्या लोकांबरोबर महाबळेश्वरला गेले होते. परत आल्यावर त्यांनी गावी आत्याला फोन करून सांगितलं, "बाई, तिथं ढग पायाखाली राह्यते." आत्याने ते कापूस वेचताना बरोबरच्या बायकांना सांगितलं. बायका हसल्या, आणि अजून हसतात. बाबा आता निवृत्त झाले, पण गावात आत्याला अजूनही विचारतात, "ढगावरच्या भावाचं काय चाल्लं?"

"एकदा माह्या डोयानं पाहीन," आत्या म्हणाली, "मंग पाहू कोन हासते ते."

तिच्या गुडघ्यांना पुन्हा एवढा प्रवास झेपणार नव्हता. परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं होतं. महाबळेश्वरचं सगळं मीच ठरवलं होतं. फोनवर फोटो पाहून पॉइंट निवडले होते. ते फोटो ऑक्टोबरमधले असणार, हे मला ड्रायव्हरकडून कळलं. तो धायरी गावातला होता.

"ह्या दिवसांत वरची लोकं खाली येत्यात," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही वर निघालाय. चांगलंय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

विल्सन पॉइंटला रेलिंग दिसलं. त्यापलीकडे काही नव्हतं. पांढरा पडदा लावल्यासारखं सगळं कोरं होतं आणि त्यातून बारीक पाणी तोंडावर येत होतं. आत्याने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि रेलिंगला धरून खाली बघितलं.

"ढग कुठं हाय?"

"बाई, हा ढगच हाय. आपण त्याच्या आतमंदी हाओत." बाबा पुण्यात कधी असं बोलत नाहीत. आत्या आल्यापासून त्यांची भाषा गावाकडची झाली होती आणि मला ती चोरून ऐकायला आवडत होती.

"तू तं पायाखाली म्हनला होता. हा तं नाकातोंडात चाल्ला."

ड्रायव्हरने काच बोटभर खाली केली. "झाला ना पॉइंट? चला."

पुढच्या पॉइंटवरही तेच. तिथे एक फोटोवाला प्लॅस्टिकमध्ये घातलेलं दरीचं चित्र घेऊन उभा होता. "आजी, ऊन असलं की असं दिसतं बघा."

आत्याने चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "फोटोच पाहाचा असता तं अकोल्यात पाह्यला असता, बावा."

गाडीत बसल्यावर मी तिला उरलेल्या पॉइंटची नावं वाचून दाखवली. आर्थर, एल्फिन्स्टन, केट. ती म्हणाली, "सगळे साहेबाईचेच? म्हनून दिसत नसन आपल्याले."

बाबा हसले. पण ते चष्मा फार वेळा पुसत होते. शेवटच्या पॉइंटवर सगळे परत फिरले तरी ते रेलिंगपाशीच उभे राहिले, पडदा आत्ता सरकेल असे. आत्या कष्टाने त्यांच्यापाशी गेली.

"जाऊ दे बाबू. पाह्यलं समज."

"गावात सांगशीन का पाह्यलं म्हनून?"

"नाई," आत्या म्हणाली. "इचारलं तं सांगन, धुकं होतं."

आम्ही परत निघालो. पाचगणी मागे पडली आणि आम्ही पसरणी घाटात उतरायला लागलो. धुकं विरळ होत होतं. मी दरीच्या बाजूला होते. झाडांची रांग एकदम संपली आणि खाली वाईची शेतं दिसली, नदी दिसली. त्या शेतांच्या वर, पण आमच्या बऱ्याच खाली, एक ढग होता. छोटासा, एकटाच. हळूहळू सरकत होता.

मी बाबांना मेसेज केला. थांबवा. तो गेलाच नाही. घाटात रेंज नव्हती आणि समोर वळण दिसत होतं.

"थांबा!"

गाडी कच्चकन थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "गाडी बाजूला घ्या, प्लीज. आत्याला दाखवायचंय. लवकर."

"बोलत्यात की ह्या," ड्रायव्हर बाबांना म्हणाला, आणि पुढे कणीसवाल्यापाशी मोकळी जागा होती तिथे त्याने गाडी लावली.

आत्याला उतरायला वेळ लागतो. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा. मी तिचा हात धरला होता आणि मान वळवून ढगाकडे बघत होते. तो शेतांवरून नदीकडे निघाला होता. आम्ही कठड्यापाशी पोचलो तेव्हा त्याचं एक टोक विरायला लागलं होतं, पण तो होता. बरोबर आमच्या पायांखाली.

आत्या कठड्याला धरून खाली वाकली.

"पहिल्या वेच्याचा कापूस," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, "एवढासाच?"

"बाई, तवा पुष्कळ होते."

"असतीन. खोटं नव्हता बोल्ला तू."

बाबांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

"झाला ना पॉइंट?" ड्रायव्हरने विचारलं.

"थांब बावा. आता तं कुठं सुरू झाला."

ढग पूर्ण विरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. फोटो काढायचं कोणालाच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी त्याबद्दल हळहळले, तर आत्या म्हणाली, "फोटो कायले? बायांनी इचारलं की तुले फोन लावन. तू सांग, तुह्या तोंडानं."

मला वाटलं, विसरेल. पण काही दिवसांनी खरंच फोन आला. स्पीकर चालू होता आणि पलीकडे पुष्कळ बायका एकदम बोलत होत्या.

"सांग वं पोरी," आत्या म्हणाली.

मी उठून खोलीचं दार लावलं. "हो," मी म्हणाले. "ढग पायाखाली होता. मी आणि आत्यानं पाहिला."

मग एकीने विचारलं, "किती होते वं?"

"एक," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. आत्या सर्वांत मोठ्याने.