टाकीपासून जमिनीपर्यंत

दिगंबरराव वाकोडे सरांची माझी पहिली भेट उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर झाली. पदवी हाती घेऊन मी बहुमजली इमारतींचं डिझाइन शिकायला त्यांच्या कार्यालयात आले होते. संगणकासमोर बसवतील अशी माझी अपेक्षा होती. सरांनी मला पाण्याच्या टाकीजवळ नेलं आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही या टाकीतलं वजन. आता जमिनीत पोचा."

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे करावं लागतं, हे मला नंतर कळलं. स्लॅबवरून बीमकडे, बीममधून कॉलममध्ये, वाटेतल्या माणसांचं, कपाटांचं, भिंतींचं वजन सोबत घेत पार्किंगपर्यंत उतरायचं आणि प्रत्येक वळणावर 'आता कुठे?' याचं उत्तर द्यायचं. मी मध्येच अडकले. खुद्द जिन्याचं वजन कोण घेतं, हे मला सांगता येईना. "मग बघू या ना," म्हणत सर स्वतःच जिन्याखाली वाकले. एवढा जाणता माणूस असा वाकून बघतो, याचंच मला नवल वाटलं.

सरांचं कुतूहल आजही तसंच आहे. चहाच्या टपरीचा पत्रा असो की कुणाच्या घरचा झोपाळा, त्यांची नजर आधी वर जाते, मग हळूहळू खाली येते. लग्नाच्या पंगतीत यांच्या शेजारी बसू नये, जिलबी निवते आणि मांडवाची तपासणी होते, असं सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात. काकूंचा अनुभव दांडगा आहे.

बीममध्ये मुख्य सळई खाली असते, मग गॅलरीत ती वर का, असं मी एकदा भीत भीत विचारलं. सरांनी घरातून भांडी घासायचा स्पंज आणला आणि त्याच्या कडेवर उभ्या रेघा मारल्या. दोन्ही टोकं टेकवून मध्ये दाबला, तर रेघा खालून फाकल्या. मग गॅलरीसारखं एकच टोक धरून मोकळं टोक दाबलं, तर त्या वरून फाकल्या. "फाकतं तिथे सळई," एवढंच ते म्हणाले. ते मी आजतागायत विसरले नाही. काकूंना मात्र त्या दिवशी नवा स्पंज काढावा लागला.

माझी खरी परीक्षा शेळके यांच्या इमारतीच्या वेळी झाली. चितेगावकडची शेती सांभाळून गुलमंडीत कापडाचं दुकान चालवणारे शेळके सात मजली इमारत बांधणार होते आणि सरांनी ते डिझाइन प्रथमच पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं. तळमजल्यावर शोरूमच्या मधोमध येणारा खांब शेळक्यांना नको होता. वरचे मजले तसेच ठेवून फक्त खालचा खांब गायब करायचा होता. मी नाही म्हटलं.

"मधातला एक खांब काढल्यानं काय व्हतंय मॅडम? दुसरा इंजिनिअर करून देतो म्हणतोय."

काम हातचं जाणार, हे दिसतच होतं. पण दुसरा कुणी खरोखरच तो खांब काढून देईल, याची मला जास्त भीती वाटत होती.

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी शेळक्यांना आपल्या इमारतीच्या गच्चीवर नेलं आणि टाकीतलं वजन करून खाली सोडलं. शेळके हौसेने निघाले, माझ्यापेक्षा भराभर उतरले. पहिल्या मजल्यावर एका खांबाला हात लावून सर म्हणाले, "याच्याखालचा खांब तुम्ही काढलात. आता पुढे जा."

"बाजूच्या खांबाकडं सरकतो की."

"सरका. पण वरची सगळी बिऱ्हाडं तुमच्याबरोबर एका बीमवर आली. तेवढ्यात जमीन हलली तर?"

जमीन हलणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेळक्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

"नाय, राहू द्या खांब," ते म्हणाले. "वर माझीच लेकरं राहणार हायेत."

आज त्या खांबाला चारी बाजूंनी आरसे आहेत आणि साडी अंगावर धरून बायका तिथेच उभ्या राहतात. वास्तुशांतीला शेळके सरांना शाल देऊ लागले, तेव्हा सरांनी ती माझ्याकडे वळवली. "डिझाइन मॅडमचं आहे, मी नुसता जिना उतरलो," असं ते म्हणाले, तेव्हा माझे डोळे भरून आले.

सर आता पंचाहत्तरीत आहेत. गुडघे कुरकुर करतात, त्यामुळे गच्चीवर जाणं बंद झालं आहे. शिकायला आलेली मुलं टाकीपासून उतरत येतात आणि सर पार्किंगमध्ये खुर्ची टाकून, खांबाला पाठ टेकून बसलेले असतात. प्रत्येकाला ते त्याच उत्सुकतेने विचारतात, "कुठून कुठून आलात?"

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, या मागण्यात आमचा स्वार्थही आहे. आम्ही अजून उतरतोच आहोत, सर. खाली तुम्ही बसलेले हवेत.