आबांनी लावलेल्या चार डिस्क

मी ग्रंथपाल आहे. ज्याचा संदर्भ देता येत नाही ते सहसा लिहीत नाही. उलगडा न होणाऱ्या अनुभवांवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. तरीही हे लिहून ठेवते आहे.

अवसरी खुर्दला आमचं घर. माझा नवरा विजय श्रावणात गेला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मला वाचायला बंदी होती, तेव्हा रोज संध्याकाळी तो पुस्तक वाचून दाखवायचा आणि रेकॉर्डही करायचा. ते सगळं, आमच्या फोटोंसकट, घरच्या चार डिस्कच्या स्टोरेजच्या डब्यात होतं. "एक डिस्क गेली तरी काही हरवत नाही," असं तो सांगायचा.

दिवाळीच्या साफसफाईत मी त्या चारही डिस्क काढून पुसल्या, आणि हाताला आल्या तशा परत बसवल्या. स्क्रीनवर काहीतरी प्रश्न आला. मी 'हो' दाबलं. सगळं गेलं. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मंचरचा संदीप डिस्कवरचं गेलेलं परत काढून देतो. त्याने पंधरा दिवस खटपट केली. निघेल तो फोटो अर्धा करडा, आवाज तुटका. एका दुपारी तो डिस्क आणि लॅपटॉप घेऊन घरीच आला.

"मॅडम, तीन डिस्कवर भागतं. पण पहिली कुठली, नंतरची कुठली, बाद कुठली, तेच लागंना."

माझे सासरे, आबा, शेजारी चहा पीत होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस; आजही बारा आहेत.

"काय हरवलंय?"

"विजयचा आवाज, आबा."

त्यांनी कप खाली ठेवला. डिस्क पुढ्यात ओढल्या. चारही सारख्याच काळ्या, एकाच कंपनीच्या. एकेक उलटीसुलटी करून पाहिली, अंगठा फिरवला. मग तीन ओळीत लावल्या आणि चौथी बाजूला सारली.

"ही आखाडातच गेली. हिच्यापायी खोळंबू नगा."

संदीप हसला. "बाबा, आमच्याकडं कामाला या राव."

"मग मेंढरं कोण राखंल, तू?"

केवळ त्यांचा मान राखायला संदीपने तोच क्रम लावून पाहिला. अर्ध्या तासाने पहिला फोटो उघडला — पूर्ण. बाजूला सारलेल्या डिस्कवरची शेवटची नोंद आषाढातली निघाली. तेव्हा विजय दवाखान्यात होता, मी आणि आबाही तिथेच. त्या डब्याकडे बघायला घरी कोणी नव्हतं.

"आबा, कसं ओळखलंत?"

"मेंढरं वळखतो तसंच. तोंडावरनं."

"सगळ्या सारख्याच तर दिसतात."

"तुझी पुस्तकं मला सारखीच दिसत्यात. तुला दिसत्यात व्हय?"

सगळं नव्या डिस्कवर उतरवून झाल्यावर मी जुन्या चारही मिसळून पुन्हा आबांपुढे ठेवल्या. त्यांनी हात फिरवला आणि परत दिल्या. "आता कोण न्हाई ह्यात."

संदीप म्हणतो, योगायोग; क्रम लावायच्या चोवीस प्रकारांतला एक लागला. असेलही. आषाढाचं मात्र त्यालाही सांगता येत नाही, मलाही नाही.

एका रेकॉर्डिंगमध्ये विजय वाचता वाचता थांबतो. "झोपलीस का गं?" मग थोडी शांतता, आणि आवाज हळू करून तो पुढे वाचत राहतो, पान संपेपर्यंत. हे मला माहीतच नव्हतं. मी झोपलेच असणार.

संध्याकाळी ते लावते तेव्हा आबाही येऊन बसतात. तो प्रश्न आला की माझ्याकडे बघतात. मी "नाही" म्हणते.