मामाची ड्यूटी आणि खर्ड्याचा रस्ता

आमचा मामा कुठलीही गोष्ट एकदाच करून समाधान मानत नसे. कुलूप लावलं की ओढून बघायचा, नळ बंद केला की पुन्हा पिळायचा आणि पोट भरल्याची खात्री म्हणून आणखी एक भाकरी खायचा. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर तो नोकरीला होता, त्यामुळे या सवयीला तो ‘ड्यूटी’ म्हणे. शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत म्हणून त्या गावाबद्दल त्याच्या मनात कायमची अढी होती. ‘मानसानं ओढून बघायचं काय मग?’ असं तो गंभीरपणे विचारी.

नव्वदच्या दशकात अशा माणसाच्या हाती व्हिडिओ कॅमेरा पडला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दोस्ताने नवा घेतला आणि जुना मोठ्या मनाने मामाच्या गळ्यात मारला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मामाने तो छातीवर बांधला. धक्के बसू नयेत म्हणून मागे मामीची उशी होती. या अवतारात तो मोटरसायकलवर बसला की गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरत.

एवढा खटाटोप माझ्या आईसाठी होता. तिचं मणक्याचं दुखणं बळावलं होतं, डॉक्टरांनी एसटी बंद केली होती आणि खर्ड्याचं माहेर तिला तुटलं होतं. ‘आक्का, रडू नको. रस्त्यासकट माहेर आनतो तुला टीव्हीवर,’ मामा म्हणाला. आई रडत नव्हती, पण मामाने तसं ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी तो खर्ड्याला जाऊन आला. संध्याकाळी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली, आई गादीवर तक्क्याला टेकून बसली आणि मामाने हुकूम सोडला, ‘कुनी बोलायचं न्हाई. रस्ता बघा.’

रस्ता कुठेच नव्हता. घरातून निघताना मामाने बटण दाबलं होतं आणि ड्यूटी म्हणून पुन्हा एकदा दाबलं होतं. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, एवढीच त्या यंत्राची अक्कल. पुढे वाटेत चहाच्या घाईत ही ड्यूटी राहून जाई आणि बटण एकदाच दाबलं जाई, त्यामुळे तो थांबून बटण दाबी तेव्हा कॅमेरा चालू होई आणि निघताना दाबी तेव्हा बंद. पडद्यावर आष्टीजवळचं चहाचं हॉटेल आलं, मग पंक्चरचं दुकान, मग दुसरं चहाचं हॉटेल. मामा इतका चहा पितो हे मामीला त्या दिवशी कळलं.

शेवटी खर्डा आलं. किल्ला नाही, वेस नाही. पट्टी सैल होऊन कॅमेरा खाली झुकलेला, त्यामुळे मोटरसायकलभोवती जमलेल्या लोकांची नुसती पावलं आणि आवाज. ‘आक्का कशी हाय रं?’ कुणीतरी विचारलं. ‘ही सखू,’ आई सावरून बसत म्हणाली. ‘तिच्या भेगा मी कुठंही ओळखीन.’ मग पडद्यावरचा मामा हळू आवाजात बोलला, कॅमेरा बंद आहे अशा पक्क्या खात्रीने. ‘तिला लई यायचं हाय गं. तिच्याबिगर हितं आलो की मला घास उतरत न्हाई. म्हनून रस्ताच घेऊन चाललोय.’

मामा ताडकन उठला आणि टीव्ही बंद केला. मग खात्रीसाठी प्लगही काढला. ‘मशिन दळभद्री हाय,’ म्हणून तो निघून गेला.

बटणाची भानगड मी त्याला समजावणार होतो. ‘अजिबात सांगायचं नाही,’ आई म्हणाली. त्यामुळे पुढेही मामा शूटिंग करत राहिला, रस्ता येत नाही म्हणून मशिनला शिव्या घालत राहिला आणि आई घरबसल्या माहेरची माणसं भेटत राहिली. मामाने आमच्यासाठी एवढं केलं आणि आम्ही त्याला शेवटपर्यंत फसवलं, याचा मला अजून आनंद होतो.

रिटायर झाल्यावर मामा खर्ड्यालाच राहायला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आईने यायचंच ठरवलं. गाडीच्या मागच्या सीटवर गादी अंथरून तिला निजवली. इतक्या वर्षांनी जातेस, जरा बाहेर बघ, असं मी म्हणालो.

‘रस्ता काय बघायचाय,’ ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. ‘चहाला थांबलास की उठव.’