बिनदुधाचे चॉकलेट लाडू
कोकोचा डबा उघडला, की त्या कडवट वासासरशी मला लेकीचा चौथा वाढदिवस आठवतो. वडगाव निंबाळकरला आमच्या गोठ्यात सहा गाई, आणि पोरीला मात्र दुधाचा थेंबही चालत नव्हता. लगेच ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. दुकानातलं चॉकलेट तिला देता येईना, म्हणून मी खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि कोको मिक्सरला फिरवून बिनदुधाचे लाडू करायला घेतले. तेवढ्यात डेअरीत दूध घालायची वेळ झाली. सासूबाई म्हणाल्या, “तू जा, मी वळते.” परत आले तर ताटात तकतकीत लाडू, आणि एक पोरीच्या तोंडात. “आई, हाताला काय लावलंत?” मी ओरडले. “तूप. लईच चिकटत व्हतं. तुपात कुठं दूध हाय?” त्या म्हणाल्या, आणि पोरगी खोकायला लागली. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी तिच्या छातीवर तळहात दाबून धरला होता. एक श्वास हाताला लागला, की पुढचा लागेपर्यंत माझाच थांबायचा. इंजेक्शन दिल्यावर ती मोठ्यानं रडली, तेव्हा मी तिथंच फरशीवर बसले. आता ती सातवीत आहे. तिच्या वाढदिवसाला सासूबाई अजूनही तेच लाडू वळतात. पण आधी साबणानं दोनदा हात धुतात आणि दोन्ही तळवे माझ्या नाकापुढं धरतात. “हुंगून बघ, बाई.” मला लाज वाटते. तरी मी दर वेळी हुंगते.