इन्शिराह अब्लांचा सातवा खंड

जादूच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, हे मी नबी दानियाल रस्त्यावर जुनी पुस्तकं विकता विकता शिकलो. इन्शिराह अब्लांशी तर मुळीच नाही. शाळेतल्या बाईंना आम्ही अब्ला म्हणतो, आणि या अब्लांनी मुलींना जन्मभर गणित शिकवलं होतं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी ट्राममधून उतरायच्या, माझ्या स्टुलावर बसायच्या आणि मला माझ्याच दुकानात उभं ठेवायच्या.

गिऱ्हाईक पुस्तक हातात घेतंय न घेतंय तोच त्यांचं सुरू. "हे घेऊ नका. यातला जादूगार तिसऱ्या प्रकरणात अख्खं सैन्य जाळतो आणि नवव्यात एक भुरटा चोर त्याला दोरीनं बांधून ठेवतो. दोरी जळत नाही वाटतं?" भविष्यवाणी दिसली की नाक मुरडायच्या. म्हणायच्या, लेखकाला पुढचं सुचत नाही म्हणून आधीच सांगून ठेवतो. अनाथ पोर शेवटी राजपुत्र निघालं की हमखास भडकायच्या. "आपल्या अलेक्झांड्रियात काय कमी अनाथालयं आहेत? एक तरी राजा निघाला का?"

एकदा एक कॉलेजचा पोरगा फसला. म्हणाला, "अब्ला, जादूच आहे ना, काहीही होऊ शकतं."

"काहीही होऊ शकतं तर मी घाबरू कशाला?" अब्ला म्हणाल्या. "आणि घाबरायचंच नाही तर वाचू कशाला? जादूची किंमत कोण मोजतं ते सांग, मग बोल."

पोरगं कादंबरी ठेवून गेलं. माझा धंदा बुडाला तो वेगळाच. पण बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यामुळे रागावताही येईना.

त्यांना नावं ठेवता न आलेली मालिका एकच. कुठल्याशा थंड देशातल्या म्हातारीनं लिहिलेली, सहा जाडजूड खंड. अब्लांची जुनी विद्यार्थिनी नेर्मीन आणि तिच्या मैत्रिणी एकेक प्रकरण अरबीत आणून इंटरनेटवर टाकायच्या, फुकट, निव्वळ वेडापायी. मी ते छापून, बांधून विकायचो. चोरीच ती, उगाच गोड शब्द कशाला शोधू.

त्या गोष्टीत जादू करणाऱ्याला प्रत्येक मंत्रापोटी एक शब्द द्यावा लागतो. तो शब्द त्याच्या डोक्यातून कायमचा जातो. आग लावायची तर 'पाणी' जाईल नाहीतर 'भाकरी' जाईल. मरणाऱ्याला बरं करायचं तर त्याचं नाव जातं, आणि नावाबरोबर ओळखही. आईनं लेकराला वाचवलं की ते लेकरू तिला परकं. सहाव्या खंडाच्या शेवटी ओर्वा नावाची जादूगारीण धाकट्या बहिणीच्या, सिल्नेच्या, उशाशी बसलेली आहे. सिल्ने तापानं मरतेय. ओर्वा काय करणार, ते सातव्यात. आणि सातवा येणार पुढल्या वर्षी.

"करेल हो ती," अब्ला म्हणायच्या. "पण नंतर बहिणीकडे बघून काय म्हणेल? तेवढं एक वाक्य मला हवंय."

त्याच हिवाळ्यात अब्लांचं गुरुवारचं येणं थांबलं. त्यांचा धाकटा भाऊ मामदूह दुकानात आला. विजेच्या सामानाचा व्यापारी, शरीरानं दांडगा, मनानं मऊ. शहरातल्या कॅम्प शेझार भागात दोघं एकत्र राहायची. कोपऱ्यात नेऊन त्यानं हळूच सांगितलं: वाईट आजार आहे. त्या आजाराचं खरं नाव आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. पोटभर पसरलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत. "तिला मी अल्सर सांगितलंय. तुम्हीही तेच म्हणायचं. कळलं तर भीतीनंच जाईल ती."

आमच्याकडे असंच करतात. ज्याचं मरण त्याला सोडून गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मला ही रीत कधीच पटली नाही, पण मला विचारतो कोण?

"दिवसरात्र त्या पुस्तकाचा शेवट विचारते," मामदूह म्हणाला. "कुठूनही आणा."

"अहो, लिहूनच झालेला नाही."

"मग लिहा."

आणि नेर्मीननं लिहिला. म्हातारीचे सहा खंड अरबीत आणून तिचा हात त्या लिखाणावर पक्का बसला होता. पोरीनं झोप मोडून लिहिलं आणि खरं तेच लिहिलं. ओर्वा मंत्र म्हणते, सिल्ने उठून बसते, आणि ओर्वा तिच्याकडे बघून अदबीनं विचारते, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" मी दुकानात बसून वाचलं आणि मला रडू आलं. या वयात.

मामदूहनं फक्त शेवटचं प्रकरण वाचलं आणि लालबुंद झाला. "मरणाच्या दारातल्या बाईच्या हातात हे देणार? बहिणीला बहीण ओळखत नाही म्हणे. बदला ते. दोघी एकमेकींना मिठी मारतात आणि घरी जातात, असं करा."

"मामदूहसाहेब, पण नियम आहे त्यात," नेर्मीन म्हणाली.

"कसला डोंबलाचा नियम? जादूच आहे ना? करा की मग. तुमच्या खिशातलं काय जातंय?"

"त्यांना कळेल," मी म्हणालो.

"शौकी, ती अंथरुणावर आहे. परीक्षेचे पेपर तपासत नाहीये." एवढं बोलून तो दांडगा माणूस माझ्या स्टुलावर बसून ढसाढसा रडला. रडणाऱ्या माणसाला काय तत्त्वज्ञान शिकवायचं? नेर्मीननं शेवट बदलला. मी तेच कव्हर लावून बांधून दिला. म्हातारीनं लवकर आटपलं, असं सांगायचं ठरलं.

आठवडाभरात मामदूहचा फोन. वाचून झालं, खूश आहे, तुम्हाला बोलावलंय. मी गेलो. अब्लांचं काय राहिलं होतं म्हणता, नुसते डोळे. मामदूह करकदे, म्हणजे जास्वंदीचं सरबत, उकळायला स्वयंपाकघरात गेला.

"ओर्वानं तिला नावानं हाक मारली," अब्ला म्हणाल्या.

"हो. आता, प्रेम एवढं असेल तर..."

"शौकी, मूर्खासारखं बोलू नका." आवाज अगदी बारीक झाला होता, पण शाळेतलाच. "लिहिणाऱ्या बाईंनी सहा खंडांत एकदाही नियम मोडला नाही. त्या शेवटच्या पानावर मोडणार नाहीत. हे नेर्मीननं लिहिलंय, छान लिहिलंय. पण ही चूक तिचीही नाही. तिला नियम माझ्याहून पाठ. ज्यानं मालिका कधी उघडलीच नाही, त्याची ही चूक आहे." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मी उठून ते दार लोटलं.

"बरं, पुढचं मला समजावून सांगा. खरा खंड पुढल्या वर्षी येतोय. थांबा म्हणायचं होतं मला. एवढा खटाटोप कशाला केलात? अल्सरच्या माणसाला वर्षभर थांबता येतं की."

मी उशाशी पडलेला खंड उचलून नीट ठेवला.

"तो वाईट आजार आहे. हो ना?"

"अब्ला, मी पुस्तकं विकतो. मला काय..."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "माझं मरण, आणि गावभर फिरून ते माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आलं. तेही असं."

मामदूह तांबड्या सरबताचे पेले घेऊन आला. "काय ताई, आवडला ना शेवट?"

"छान झालाय रे," अब्ला म्हणाल्या. "दोघी घरी गेल्या."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हतो?

त्यानंतर मी जमेल तेव्हा जात राहिलो. मामदूह अब्लांच्या पलंगाजवळून हलत नसे. उन्हाळ्यात मर्सा मत्रूहला जायचं, समुद्रावर घर घ्यायचं, बाल्कनी कुठल्या बाजूची हवी, असं बडबडत राहायचा. अब्ला बाल्कनीची बाजू निवडायच्या. त्या बाईला घाबरायचं होतं, कुणाजवळ तरी मोकळं व्हायचं होतं, तांता शहरातल्या मावसबहिणीशी जुनं भांडण मिटवायचं होतं. मावसबहिणीला बोलवावं तर मामदूहला संशय येईल, म्हणून तेही राहिलं. मला दोघांचाही संताप यायचा. तो दार उघडायला गेला असताना मी एकदा म्हणालोच, "सांगून टाका ना त्याला. का हे सोंग?"

"जन्मात एवढी एकच गोष्ट त्यानं माझ्यासाठी केली आहे," त्या म्हणाल्या. "ती फुकट गेली असं मी त्याला सांगू?"

उन्हाळ्याच्या आतच त्या गेल्या.

शोकसभेच्या मांडवात बिनसाखरेची कॉफी फिरत होती. मामदूहनं माझा दंड धरला. "शेवटपर्यंत कळू दिलं नाही, शौकी. एक क्षण घाबरली नाही बिचारी. तुमच्या त्या पुस्तकाचे उपकार." मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? "तिचं एवढं काय होतं त्यात, ते मलाही बघायचंय," तो म्हणाला. "सगळे खंड द्या मला. पहिल्यापासून वाचतो."

"संपले," मी म्हणालो. "आता छापतही नाही."

"असू दे. तिच्या प्रती आहेत घरी."

आणि तो वाचतोय. दुकान बंद केल्यावर रोज बहिणीच्या पलंगावर बसून वाचतो आणि मला फोन करून सांगतो. आवडतंय त्याला. माणसं सैन्यं जाळतात, त्याबदली एकेक शब्द विसरतात, कल्पना नामी आहे म्हणाला. काल म्हणाला, दुसरा खंड संपला. बरं करणाऱ्याच्या डोक्यातून त्या माणसाचं नाव जातं, हा नियम तिसऱ्यात आहे.