पिकअपची दुसरी टाकी

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी रांगेत उभा राहून राहून विटलो होतो. झरीहून भाजी भरून निघायचं, परभणीच्या पंपावर 'डिझेल नाही' ही पाटी बघायची आणि ती निघेपर्यंत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसायचं. मागं वांगी मऊ पडत. झोप कधी पुरी व्हायची नाही, भूक तर मेल्यातच जमा. पाटी निघाली की मिळेल तेवढं भरून घ्यावं असं वाटे, पण माझ्या पिकअपची टाकी एवढीशी. म्हणून मागच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला लागून, दुसरी टाकी बसवायचं ठरवलं.

काम दिलं परभणीतल्या एका वेल्डरला. आम्ही शाळेत एका वर्गात होतो. तो बौद्ध घरातला, मी पाटलांच्या भावकीतला. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा माझ्या मनातही येत नसे. हाताचा मात्र तो पक्का होता. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं आणि गिऱ्हाईक सगळं एकानं दुसऱ्याला सांगून आलेलं. लोक त्याच्या कामाचं नाव घेत, त्यावरच त्याचं घर चालायचं.

भंगारातून मी ट्रकची जुनी टाकी उचलून आणली. तो तोंडाशी नाक नेऊन म्हणाला, "डिझेलचा वास हाय तंवर ठिणगी लावणार न्हाई. उडंल." सोड्याच्या पाण्यानं त्यानं ती तीनदा धुतली. मग आत पाणी भरून ठेवून, बाजू बदलून बदलून वेल्डिंग केलं. नंतर सगळं पाणी ओतून टाकी तीन दिवस उन्हात पालथी घातली. मी रोज खेटे घालत होतो.

"झाली का न्हाई?"

"वाळू द्या, मालक."

"आता काय अंगाई म्हणायलायस का तिला?"

तो हसला नाही. काठीला फडकं बांधून त्यानं आतून पुसून काढलं आणि फडकं माझ्या हातात दिलं. कोरडं ठणठणीत होतं.

चौथ्या दिवशी टाकी बसली. तळातून रबरी नळी इंजिनकडं नेली, मध्ये एक कॉक. तो फिरवला की जुनी टाकी बंद, नवी चालू. आमच्याकडं गाडीला नवी वस्तू लागली की हळदकुंकू आणि नारळ आलाच. डिझेल ओतायचं म्हणून टाकीचं तोंड उघडंच होतं. त्या तोंडाच्या लोखंडी कडेइतकी टणक जागा दुसरी दिसली नाही, म्हणून मी नारळ तिथंच आपटायला घेतला. त्यानं झाकण उचलून माझ्यापुढं धरलं. मी त्याला कोपरानं बाजूला सारलं. नारळ फुटला. खोबरं सगळ्यांना वाटलं, त्यालाही दिलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या बाजाराला निघालो. गंगाखेड मागं पडल्यावर जुनी टाकी संपत आली, तेव्हा कॉक फिरवला. कोसभरही गेलो नसेन, इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. ऊन डोक्यावर आलेलं. एसटीला हात करून गंगाखेडला गेलो, मिस्त्री घेऊन आलो. त्यानं फिल्टर खोलून दाखवला. "टाकीत पाणी हाय. धुतली आन् वाळवली न्हाई कुणी."

तेवढं मला पुरलं. भाजी गेली होती, अंगात त्राण नव्हतं, आणि अशा वेळी दुसऱ्याची चूक सापडली की बरं वाटतं.

सकाळी त्याच्या दुकानात गेलो तेव्हा चार गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यासमोर मी त्याला वाटेल ते बोललो. अर्धवट काम करतोस, तुझ्या हातात टाकी द्यायलाच नको होती, म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याचं गप्प राहणं मी कबुलीच समजलो. पुढं पंपाच्या रांगेत ज्याला त्याला हीच गोष्ट सांगितली. तिथं वेळ घालवायला दुसरं होतं काय? पंधरा दिवसांत त्याच्या दुकानापुढं गाडी दिसेना.

महिन्याभरानं टाकीचा तळ साफ करायला काढला. गाळाबरोबर खोबऱ्याचा एक तुकडा बाहेर आला, डिझेलनं पिवळा पडलेला, आणि शेंडीचे चार धागे. टाकीतलं ते पाणी माझ्याच नारळाचं होतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

दुकानात तो एकटाच होता. मी सगळं सांगितलं.

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तुमच्या नारळानं गाडी बंद पडली म्हणू? लोक म्हणले असते, ह्यानं धर्म सोडला, आता आमच्या नारळाला नावं ठेवायलाय." मग म्हणाला, "शिव्या चौघांत दिल्या, मालक. हे सांगायला मात्र एकट्यापशी आलाव."

उद्या पंपावर सगळ्यांना सांगतो, असं म्हणून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी रांगेत पाच तास होतो. ओळखीची आठ-दहा माणसं होती. पण लय दमलो होतो, डोळे मिटून पडून राहिलो. उद्या सांगू म्हटलं. थकवा काही खोटा नव्हता. पण ह्याच रांगेत त्याची बदनामी करताना हा थकवा कधी आडवा आला नव्हता.

दिवाळीच्या आत त्यानं दुकान मोडलं आणि बायकापोरं घेऊन नांदेडकडं गेला, असं ऐकलं. त्यानं बसवलेली टाकी पुढं नऊ वर्षं माझ्या गाडीवर होती. एक थेंब कधी पाझरली नाही.